दोन बोटं बाहेर आलेल्या चाकाविषयी

प्रति,
मा. श्री. नितीन गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री, नवी दिल्ली

मा. गडकरीसाहेब,

कोल्हापूरजवळ पुणे-बंगळूर महामार्गालगत माझं चाकांच्या अलाइनमेंटचं दुकान आहे. गगनबावड्याच्या, आंबोलीच्या, अंब्याच्या बाजूने उतरणाऱ्या-चढणाऱ्या गाड्या माझ्याकडे येतात. त्यांत नाशिकला बनणारी थार असते, जिम्नी असते, इसुझूची व्ही-क्रॉस आणि टोयोटाची हायलक्स हे पिकअप असतात. यांतल्या बऱ्याच गाड्या लिफ्ट किट टाकून उंच केलेल्या असतात, आणि उंच केलेल्या गाडीचं चाक काढलं की हब आणि रिमच्या मध्ये अनेकदा ॲल्युमिनियमची एक जाड चकती निघते. तिला स्पेसर म्हणतात. या चकतीसाठी देशात चाचणी नाही, मानक नाही, शिक्का नाही. कायद्याच्या नजरेत ती जवळजवळ नाहीच, आणि रस्त्यावर मात्र रोज वाढते आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने केंद्र सरकारला एक अधिकार मिळाला. तो वापरून या चकतीसाठी नियम करा, एवढं मागायला हे पत्र लिहितो आहे.

हा हौशी पोरांचा शौक आहे, असं समजून हा विषय बाजूला टाकला जातो. शौक आहेच, नाकारत नाही. चाकं फेंडरच्या बाहेर आली की गाडी रुबाबदार दिसते, आणि बरेच जण तेवढ्यासाठीच येतात. पण गाडी उंच करणाऱ्यांत डोंगरवाडीचा शेतकरी असतो, जांभ्याच्या खाणीवर जाणारा ठेकेदार असतो, पावसाळ्यात दरड कोसळली की दोर आणि स्ट्रेचर घेऊन निघणारी मंडळी असतात. त्यांना पोटाखालची जागा खरोखर लागते. स्प्रिंग उंच केले, टायर मोठे घातले, की डिफरन्शियल दगडाला घासत नाही. पण मोठा टायर स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर आतल्या आर्मला किंवा चॅसिसला लागतो, म्हणून चाक थोडं बाहेर काढावं लागतं. शिवाय पुढचं सस्पेन्शन स्वतंत्र असलेल्या गाडीत उंची वाढली की आर्म खाली कलतात आणि दोन चाकांमधलं अंतर उलट किंचित कमी होतं. म्हणजे गाडी उंच झाली आणि पायही जवळ आले.

इथे साधं गणित मांडतो. दोन चाकांमधल्या अंतराचं निम्मं घ्या, त्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागा. अमेरिकेची राष्ट्रीय महामार्ग सुरक्षा संस्था २००१ पासून गाडी उलटण्याच्या धोक्याची जी श्रेणी देते, तिच्या मुळाशी हाच आकडा आहे. बहुतेक मोटारगाड्यांचा तो १.३ ते १.५ च्या दरम्यान येतो. उंच एसयूव्ही आणि पिकअपचा १ ते १.३ च्या दरम्यान. आता समजा एका गाडीच्या चाकांमधलं अंतर १५०० मिलिमीटर आहे आणि गुरुत्वमध्य ७०० मिलिमीटरवर. भागाकार १.०७. स्प्रिंग आणि टायर मिळून गुरुत्वमध्य ७५ मिलिमीटरने वर गेला, तर तो ०.९७ होतो. कागदावर हा फरक किरकोळ दिसतो, करूळ घाटाच्या वळणावर टपावर सामान बांधलेलं असताना दिसत नाही. आता दोन्ही बाजूंना ३० मिलिमीटरचे, म्हणजे साधारण दोन बोटांचे स्पेसर घाला. आकडा १.०१ च्या जवळ येतो. गमावलेल्या स्थैर्यातला एक तृतीयांशाहून थोडा जास्त भाग परत मिळाला. सगळं परत मिळवायचं तर प्रत्येक बाजूला ८० मिलिमीटर लागतील, आणि तेवढा स्पेसर कुणी शहाणा माणूस लावणार नाही.

या हिशोबातून दोन गोष्टी निघतात, आणि दोन्ही सारख्याच गंभीरपणे घ्यायला हव्यात. उंच केलेल्या गाडीची चाकं बाहेर काढण्यामागे खरं कारण आहे; ती नुसती दिखाऊगिरी नव्हे. आणि स्पेसर लावला म्हणजे हवी तेवढी उंची वाढवायला मोकळीक मिळाली, हा समज मात्र धोक्याचा आहे. ‘स्पेसर टाकलेत, आता गाडी पडत नाही,’ असं म्हणणारे रोज भेटतात. त्यांना मी हेच गणित पाटीवर लिहून दाखवतो.

बदल्यात गाडी काय देते, तेही सांगायला हवं. कंपनी चाकाचा मध्य बेअरिंगच्या संदर्भात ठरवून बसवते. चाक बाहेर गेलं की भार बाहेरच्या बेअरिंगकडे सरकतो आणि काही महिन्यांनी घूं-घूं आवाज सुरू होतो. पुढचं चाक ज्या अक्षाभोवती वळतं, ती रेषा जमिनीपर्यंत नेली तर टायरच्या मध्यापासून ती ठरावीक अंतरावर टेकते. स्पेसरने हे अंतर स्पेसरच्या जाडीइतकंच वाढतं. मग एक चाक खड्ड्यात आपटलं की धक्का थेट हाताला बसतो, आणि एक बाजू डांबरावर, एक बाजू खडीवर असताना ब्रेक दाबला की गाडी ओढते. कमी ऑफसेटची, म्हणजे हबला टेकणारी बाजू रिमच्या मध्याकडे सरकलेली रिम लावली तरी हे दोन्ही तोटे होतातच. ३० ऑफसेटच्या रिमऐवजी शून्य ऑफसेटची लावणं आणि ३० मिलिमीटरचा स्पेसर लावणं, चाकाच्या जागेच्या दृष्टीने एकच. फरक असा की रिमच्या मार्गात नवा सांधा येत नाही. स्पेसरमध्ये येतो. माझी सगळी काळजी त्या सांध्यापाशी येऊन थांबते.

चाकावरचं वजन नट पेलतात, असं बहुतेकांना वाटतं. तसं नसतं. नटांनी आवळून धरलेल्या दोन सपाट पृष्ठभागांमधलं घर्षण ते वजन पेलतं. नट फक्त आवळायचं काम करतात. म्हणून पृष्ठभाग सपाट हवेत, स्वच्छ हवेत, आणि आवळ बरोबर हवी. हबवर गंज राहिला, स्पेसरवर रंगाचा जाड थर असला, की काही किलोमीटरनंतर तो थर दबतो आणि नट न फिरताच आवळ सैल होते.

गेल्या पावसाळ्यानंतर एका पिकअपचं मागचं चाक ‘साठच्या वर थरथरतं’ म्हणून माझ्याकडे आलं. बॅलन्सिंग बरोबर निघालं. चाक उतरवलं तेव्हा स्पेसरच्या मागच्या बाजूला हबचा आकार काळ्या भुकटीने छापल्यासारखा उमटला होता. ही भुकटी म्हणजे दोन पृष्ठभाग एकमेकांवर सूक्ष्मपणे घासल्याने निघालेलं ॲल्युमिनियम. सहा भोकांपैकी चार गोल राहिलेली नव्हती. बोट फिरवलं की एका बाजूची कड लागत होती. एका भोकापासून बाहेरच्या कडेपर्यंत केसासारखी रेघ गेली होती. डायपेनेट्रंट, म्हणजे तडा दाखवणारा रंग, मारल्यावर ती लाल उमटली. स्टडचे आटे तोंडाकडून चपटे झाले होते, कारण नट तिरका सुरू करून इम्पॅक्ट गनने खेचला होता. मधलं भोक हबपेक्षा एवढं मोठं की त्यात माझ्या नखाचं टोक सरकलं. चकतीवर बनवणाऱ्याचं नाव नाही, धातूची जात नाही, तारीख नाही. मालकाने ती रस्त्यालगतच्या एका दुकानातून घेतली होती, आणि दुकानदाराला ती कुठून आली हे सांगता येत नव्हतं.

अशी चकती पुन्हा लावायला मी नकार दिला. दुसरं कुणीतरी लावेल, हे मला माहीत आहे.

ज्या स्पेसरमध्ये स्वतःचे स्टड असतात, तो हबला आतल्या नटांनी बसतो आणि रिम त्याच्यावर बाहेरच्या नटांनी. आतले नट रिमखाली झाकलेले असतात, ते चाक काढल्याशिवाय दिसत नाहीत. रात्री राधानगरीच्या रस्त्यावर पंक्चर झालं, पंक्चरवाल्याने चाक काढलं, लावलं, पाना मारला, काम झालं. आतल्या नटांकडे बघायचं असतं हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. नवा स्पेसर बसवल्यावर पहिल्या शंभरेक किलोमीटरांत आतले-बाहेरचे दोन्ही नट टॉर्क रेंचने परत तपासायला हवेत. बारा मिलिमीटरच्या स्टडला साधारण १०० ते ११० न्यूटन-मीटर लागतात. इम्पॅक्ट गन त्याहून किती जास्त देते याचा गन चालवणाऱ्याला पत्ता नसतो. जास्त ताणलेला स्टड त्या दिवशी तुटत नाही. पुढे कधीतरी वळणावर तुटतो.

दुसरा प्रकार त्याहून वाईट. नुसती सपाट चकती, तिला स्वतःचे स्टड नाहीत, मूळ स्टडवरच सरकवायची. बारा मिलिमीटरच्या, दीड मिलिमीटर पिचच्या स्टडला नट निदान आठ आटे बसला पाहिजे. मध्ये दहा मिलिमीटरची चकती घातली की साडेसहा आटे तिथेच संपले. अशा गाड्यांचे नट मी हाताने दोन-तीन फेऱ्यांत सोडवले आहेत.

आता कायद्याकडे येतो. कलम ५२ म्हणतं की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून आलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे कडकपणे वाचलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं: परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आणि त्याच दुरुस्तीने कलम ५२ ला एक परंतुक जोडलं, ज्याबद्दल फार कमी बोललं जातं. केंद्र सरकार गाडीतल्या बदलांसाठी मानकं, मंजुरीच्या अटी आणि बसवण्याची पद्धत ठरवू शकतं, आणि तसा बदल केला तर कंपनीची वॉरंटी रद्द मानली जाणार नाही. दार संसदेनेच ठेवलं आहे, साहेब. स्पेसरसाठी ते अजून कुणी उघडलेलं नाही.

न उघडल्याचा परिणाम मी रोज पाहतो. पिकअप माल वाहतुकीत नोंदलेला असला तर पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस करावी लागते. पासिंगच्या आदल्या दिवशी स्पेसर काढायचे, मूळ चाकं लावायची, पासिंग झालं की परत घालायचे. म्हणजे जो सांधा शक्यतो हलवूच नये, तो वारंवार उघडला-मिटला जातो, तेही घाईत, लपूनछपून. अपघात झाला तर विमा नाकारला जाईल या भीतीने मालक कुणालाच खरं सांगत नाही, मेकॅनिकलाही नाही. परवा एकाने गाडी फक्त ‘आवाज येतो’ म्हणून सोडली आणि स्पेसरचा उल्लेख चाक निघेपर्यंत केला नाही. बंदीमुळे स्पेसर कमी झालेले मला दिसत नाहीत. ते रिमच्या मागे आणखी खोल लपले आहेत.

बाहेरच्या देशांत दोन वाटा दिसतात. जर्मनीत स्पेसर चाचणी-अहवालासह विकला जातो; बसवल्यावर गाडी तपासून घ्यायची, आणि अहवालात तशी अट असेल तर गाडीच्या कागदावर नोंद. ऑस्ट्रेलियाने उलट निर्णय घेतला: कंपनीने स्वतः दिला नसेल तर हब आणि चाकाच्या मध्ये स्पेसर चालणार नाही, मात्र वेगळ्या ऑफसेटच्या रिमने मर्यादेत रुंदी वाढवायला मुभा. ऑस्ट्रेलियाचा निर्णय चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. सांध्याविषयी त्यांची जी भीती आहे तीच माझीही आहे. पण त्यांनी उंच गाडीच्या मालकाला एक वैध वाट दिली. आपण एकही दिलेली नाही. मला विचाराल तर पहिली पसंती रिमला, दुसरी तपासलेल्या स्पेसरला. आपल्याकडे प्रत्येक गाडीसाठी योग्य ऑफसेटची, योग्य भार पेलणारी रिम मिळत नाही, म्हणून दुसऱ्या वाटेचीही गरज आहे.

चाकांची रुंदी बदलणं आपल्या शेतकऱ्याला नवं नाही. ऊस आणि कापसाच्या सरीप्रमाणे ट्रॅक्टरची मागची चाकं उलटसुलट बसवून रुंदी कमी-जास्त करतात, आणि कुठल्या जोडणीला किती रुंदी याचा तक्ता ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत छापलेला असतो. तिथे ॲक्सलच त्या हिशोबाने घडवलेला असतो. गाडीचा तसा नसतो, म्हणून गाडीला मर्यादा लागते. पण मर्यादा कुणीतरी मोजून ठरवायला हवी, आणि ती मोजणाऱ्या संस्था आपल्याच राज्यात आहेत. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय, भोसरीत सीआयआरटी, अहिल्यानगरला व्हीआरडीई. रिमला फिरत्या वाकवणीची थकवा-चाचणी, भाराखाली फिरवण्याची चाचणी आणि आघाताची चाचणी असतेच. त्याच यंत्रावर स्पेसरसह रिम चढवायची आहे. नवं विज्ञान शोधायचं नाही. सीएनजी किटला जशी प्रकार-मान्यता, अधिकृत बसवणारा आणि आरसी बुकात नोंद आहे, तशीच वाट इथेही चालेल.

नियमात काय असावं याबद्दल चाकं काढून-लावून जे कळलं ते मांडतो. मूळ स्टडवर सरकवायच्या सुट्या चकत्या सरसकट बंद करा; त्यात वाचवण्यासारखं काही नाही. स्वतःचे स्टड असलेला, फोर्ज केलेल्या ॲल्युमिनियमचा आणि त्या-त्या गाडीच्या हबला नेमका बसणाराच स्पेसर चालेल असं म्हणा. हायलक्सचा हब १०६.१ मिलिमीटरचा, जिम्नीचा १०८. सगळ्यांत जावा म्हणून मोठं भोक ठेवलेला माल नको. प्रत्येकावर निर्मात्याचं नाव, धातू, पेलायचा भार, टॉर्क आणि बॅच कोरलेली हवी. जाडीची कमाल मर्यादा गाडीगणिक ठरवा आणि ती उंचीशी बांधा: लिफ्ट जास्त म्हणून स्पेसर जास्त, असं नव्हे, ठरावीक उंचीपुढे मंजुरीच नाही. टायर फेंडरच्या बाहेर आला तर फेंडरची रुंदी वाढवणं सक्तीचं करा, कारण बाहेर आलेला टायर खडी उडवतो आणि ती मागच्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर जाते. बसवणाऱ्याकडे तपासलेला टॉर्क रेंच हवा, आणि पुन्हा तपासणीची तारीख लिहिलेला कागद गाडीत हवा. फेंडरच्या आतल्या बाजूला एक स्टिकरही हवा: ‘आत स्पेसर आहे, आतले नट तपासा.’ राधानगरीच्या पंक्चरवाल्याला तेवढं पुरेल.

हे झालं तर सगळ्यांत आधी आनंद कोल्हापूरच्या उद्यमनगराला आणि शिरोलीच्या एमआयडीसीला होईल. इथल्या फाउंड्री आणि सीएनसी शॉप परदेशी ड्रॉइंगवर शतांश मिलिमीटरचं काम करतात. त्यांच्याकडे स्पेसर मागायला गेलं की ते विचारतात, ‘कुठल्या स्टँडर्डप्रमाणे?’ उत्तर नसतं. मग काम घेणारा चांगला कारखाना मागे हटतो आणि ज्याला हा प्रश्न पडतच नाही तो पुढे येतो. मानक नसल्यामुळे चांगले कारागीर बाहेर आहेत आणि निनावी माल आत.

मानक यायला वेळ लागेल, हे समजतं. मसुदा निघेल, हरकती मागवल्या जातील, चाचण्या होतील. तोवर दोन गोष्टी आपल्या खात्याला आजही करता येतील. परिवहन विभागाच्या निरीक्षकांना फिटनेसच्या वेळी टायरची फेंडरबाहेरची रुंदी मोजायला आणि संशय आला तर एक चाक उतरवून बघायला सांगा. चाक उतरवल्याशिवाय स्पेसर सापडत नाही. आणि मसुदा करणाऱ्या समितीत कंपन्यांच्या अभियंत्यांबरोबर अलाइनमेंटवाला, टायरवाला आणि पंक्चरवाला यांनाही एक खुर्ची द्या. बोलावलंत तर काळी भुकटी लागलेली ती तडकलेली चकती घेऊन मी पुण्याला येईन. मालकाने ती माझ्याकडेच ठेवायला दिली आहे, आणि ती एआरएआयच्या टेबलावर तपासली जावी असं मला मनापासून वाटतं.

कळावे,
आपला,
एक अलाइनमेंटवाला, कोल्हापूर